मेदाचे कोडे उलगडणारा शतायुषी विद्यार्थी

फ्रान्सच्या इतिहासाच्या अभ्यासकाला १७८९ आणि १८८९ ही दोन साले विसरता येत नाहीत. पहिल्या साली पॅरिसच्या जनतेने बॅस्टिलचा तुरुंग फोडला. दुसऱ्या साली त्या क्रांतीच्या शताब्दीनिमित्त त्याच शहरात आयफेलचा मनोरा उभा राहिला. ह्या शंभर वर्षांत फ्रान्सने चार राजे, दोन सम्राट आणि तीन प्रजासत्ताके पाहिली. ही सारी स्थित्यंतरे ज्याने एकाच जन्मात पाहिली आणि तरीही ज्याचे नाव आमच्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात एकदाही येत नाही, असा एक माणूस होऊन गेला. त्याचे नाव मिशेल युजेन शेव्रल.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला आणि तो संपल्याचे मला फारसे दुःखही झाले नाही. मग ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या वाटेला मी का जावे? कारण अगदी घरगुती आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. ते त्यातून वाचले. परंतु रक्ततपासणीचा एक कागद घरात आला आणि त्यावरचे 'कोलेस्टेरॉल', 'ट्रायग्लिसराइड' हे शब्द आमच्या स्वयंपाकघरात कायमचे राहायला आले. आजीच्या मते तुपाशिवाय अंगात ताकद राहत नाही. भावाने तुपाची बरणी उचलून माळ्यावर ठेवली. आईने तीन महिन्यांत तीन तेले बदलली. पानात काय वाढायचे यावरून आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे पैशावरूनही कधी झाले नसतील. ह्या वादात भाग घेण्याइतके ज्ञान मला नव्हते. म्हणून मी माझ्या विषयाला साजेसा उद्योग केला, तो म्हणजे ह्या शब्दांचा जन्म कोठे झाला ते शोधणे. त्या शोधात मी ज्या माणसापाशी जाऊन पोचले तोच हा शेव्रल.

शेव्रलचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रान्सच्या पश्चिम भागातील आन्जे ह्या गावी झाला. घराणे वैद्यांचे. वडील नावाजलेले शल्यवैद्य व प्रसूतितज्ज्ञ होते. मुलगा तीन वर्षांचा होण्याच्या सुमारास क्रांती झाली आणि तो सात वर्षांचा असताना, १७९३ च्या डिसेंबरात, राजाच्या बाजूने उठलेल्या व्हांदे प्रांतातील बंडखोरांनी आन्जेला वेढा घातला. वेढा दोनच दिवसांत उठला; पण त्यानंतर जी धरपकड आणि शिरच्छेद सुरू झाले त्यांच्या छायेत ह्या मुलाचे बालपण गेले. पुढे शेव्रल राजकारणापासून आयुष्यभर चार हात दूर राहिला. त्याचे मूळ ह्या बालपणात असावे असे मला वाटते. क्रांतीने जुन्या शाळा मोडल्या होत्या. त्यांच्या जागी निघालेल्या नव्या मध्यवर्ती विद्यालयात तो शिकला आणि १८०३ साली, सतराव्या वर्षी, पॅरिसला आला.

पॅरिसमध्ये त्याला निकोला व्होक्लँ हा गुरू मिळाला. व्होक्लँ हा नॉर्मंडीतील एका शेतमजुराचा मुलगा. क्रोमियम ह्या धातूचा शोध त्याच्या नावावर आहे. ह्या गुरूच्या प्रयोगशाळेत शेव्रल आधी उमेदवार म्हणून राबला, मग मदतनीस झाला. १८१० साली त्याला पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात साहाय्यकाची जागा मिळाली. हे संग्रहालय म्हणजे नुसती पेंढा भरलेल्या प्राण्यांची दालने नव्हेत. तेथे बाग होती, प्राणिसंग्रह होता, प्रयोगशाळा होत्या आणि जनतेसाठी व्याख्याने होत. ह्या एका आवारात शेव्रलचे पुढले जवळजवळ सारे आयुष्य गेले.

आता १८११ सालाकडे येऊ. त्याची खरी कथा येथे सुरू होते, आणि तीही साबणापासून.

साबण माणूस हजारो वर्षे करीत आला होता. चरबी किंवा तेल घ्यावे, राखेचे खारे पाणी घालून शिजवावे, की साबण तयार. ह्यात नेमके घडते काय? त्या काळी सर्वसाधारण समज असा होता की चरबी हा एक अखंड पदार्थ आहे आणि तो क्षाराशी जसाच्या तसा जोडला जातो. पीठ आणि पाणी मिसळले की कणीक होते, तसे. १७७९ च्या सुमारास शेले ह्या स्वीडिश औषधविक्रेत्याने ऑलिव्ह तेल शिशाच्या भस्माबरोबर शिजवून एक गोड, दाट द्रव वेगळा काढला होता. परंतु तेलात गोड द्रव कोठून आला, ह्याचा उलगडा पुढली तीस वर्षे कोणी केला नाही.

शेव्रलच्या हाती डुकराची चरबी आणि पोटॅश यांपासून केलेला एक मऊ साबण विश्लेषणासाठी आला. त्याने तो भरपूर पाण्यात विरघळवला. भांड्याच्या तळाशी मोत्यासारखे चकाकणारे कण बसले. दुसऱ्या कोणी तो गाळ म्हणून टाकून दिला असता. शेव्रलने ते कण वेगळे केले, त्यांवर आम्लाची क्रिया केली आणि त्याच्या हाती एक पांढरा, स्निग्ध, स्फटिकरूप पदार्थ आला. तो दिसायला चरबीसारखा. पण चरबी मुळी आम्ल नसते आणि हा पदार्थ तर आम्लासारखा वागत होता. मोत्याला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याने ह्या आम्लाला 'मार्गारिक' असे नाव दिले. उरलेल्या द्रवातून आणखी एक आम्ल निघाले, ते तेलासारखे पातळ. त्याला पुढे 'ओलेइक' नाव मिळाले. आणि शेलेचा तो गोड द्रव? तोही ह्याच चरबीतून बाहेर पडत होता. त्याचे 'ग्लिसरीन' हे नाव शेव्रलचेच.

म्हणजे चरबी हा एक पदार्थ नव्हताच. ती काही आम्ले आणि ग्लिसरीन यांची जोडणी होती. क्षार ही जोडणी तोडतो, आम्लांना आपल्याकडे ओढून घेतो, तोच साबण. आणि ग्लिसरीन मोकळे होते. शेव्रलने तराजू घेऊन आणखी एक गोष्ट दाखवली. मोकळी झालेली आम्ले आणि ग्लिसरीन यांचे एकत्रित वजन मूळ चरबीपेक्षा थोडे जास्त भरते, कारण जोडणी तुटताना पाण्याचा अंश तीत सामील होतो. त्या काळी रेणूंची चित्रे नव्हती, आजची सूत्रे नव्हती. होते ते तराजू, मद्यार्क, उष्णतामापक आणि चिकाटी. तो मिश्रण मद्यार्कात विरघळवी, थंड करी, बसलेले स्फटिक वेगळे काढी, पुन्हा विरघळवी. पदार्थ वितळण्याचे तापमान बदलेनासे झाले की मगच तो शुद्ध झाला असे मानी. शुद्धतेची ही कसोटी पुढे साऱ्या सेंद्रिय रसायनशास्त्राने उचलली.

दहा-बारा वर्षे हा माणूस चरबी उकळत बसला होता! मेंढी, बैल, डुक्कर, हंस यांची चरबी त्याने तपासली. जग्वारचीही तपासली आणि माणसाचीसुद्धा. डॉल्फिन माशाचे तेल तपासले, देवमाशाच्या डोक्यातील मेणासारखा पदार्थ तपासला. लोणी तपासताना त्याला लहान लहान, उडून जाणारी, उग्र वासाची आम्ले सापडली. त्यांतील एकाचे नाव त्याने लोण्यावरूनच 'ब्युटिरिक' ठेवले. लोणी खवट झाले की जो वास सुटतो तो ह्या आम्लाचा. दुसऱ्या दोघांना, 'कॅप्रोइक' आणि 'कॅप्रिक' यांना, बोकडाच्या वासावरून बोकडाचेच नाव दिले. हे वाचल्यापासून मला हा विद्वान फार जवळचा वाटू लागला आहे. १८२३ साली त्याने हे सारे काम प्राणिज मेदांवरील एका ग्रंथात एकत्र केले. वर्णन, तापमान, वजन, टक्केवारी यांनी भरलेला तो कोरडा ग्रंथ आहे, कोठे आवाज चढविलेला नाही. त्यातील घटकद्रव्यांचे पुष्कळसे आकडे आजच्या आकड्यांच्या अगदी जवळ जातात, असे जाणकार सांगतात.

आता आमच्या घरातल्या त्या कागदाकडे येते. पित्ताशयात होणारे खडे ही त्या काळीही वैद्यांच्या परिचयाची गोष्ट होती आणि त्या खड्यांत एक पांढरा, चकाकता पदार्थ असतो हे अठराव्या शतकातच आढळले होते. तो चरबीचाच प्रकार मानला जाई. शेव्रलने तो पोटॅशबरोबर उकळला. साबण झाला नाही. खूप वेळ उकळला, तरीही नाही. इतर सर्व मेद क्षारापुढे मोडतात. हा मोडला नाही. तेव्हा त्याने तो चरबीच्या पंक्तीतून उठवून निराळ्या पानावर बसविला आणि १८१५-१६ च्या सुमारास पित्त व घन ह्या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांची सांगड घालून त्याला 'कोलेस्टेरीन' म्हटले. पुढे १८५९ मध्ये बर्थलो ह्या त्याच्या देशबांधवाने तो मद्यार्कांच्या कुळातला असल्याचे दाखविले आणि शेपूट बदलून 'कोलेस्टेरॉल' हे नाव रूढ झाले.

दोनशे वर्षांपूर्वी केलेला हा भेद आपण अजूनही रोज विसरतो. मेद वेगळा आणि कोलेस्टेरॉल वेगळे. मेद शरीराचे इंधन आहे; एका ग्रॅममागे सुमारे ९ किलोकॅलरी, म्हणजे पिठूळ पदार्थांच्या दुपटीहून अधिक. कोलेस्टेरॉल जळत नाही. ते पेशींच्या आवरणात असते, त्यापासून पित्ताची आम्ले आणि काही संप्रेरके बनतात, आणि त्यातले बरेचसे आपले शरीरच तयार करते. वनस्पतींच्या तेलात ते जवळजवळ नसतेच. शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे ठळक अक्षरांत छापणे म्हणजे उसाच्या रसाच्या गाड्यावर 'ह्यात हाडे नाहीत' अशी पाटी लावण्यापैकी आहे. पाटी खोटी नाही, पण ती वाचून रस अधिक पौष्टिक होत नाही.

ह्याच काळात, १८१५ मध्ये, त्याने मधुमेही रुग्णाच्या मूत्रातील साखर तपासली आणि ती द्राक्षातील साखरच असल्याचे दाखवून दिले. केवळ ह्या एका निष्कर्षावर दुसऱ्या एखाद्याने आयुष्यभर व्याख्याने दिली असती. शेव्रल पुन्हा चरबीकडे वळला.

मेणबत्तीची हकीकत थोडक्यात सांगते. गोरगरीब चरबीच्या मेणबत्त्या जाळीत. त्यांचा धूर होई, दुर्गंधी सुटे. चरबीतून निघणारे 'स्टिअरिक' नावाचे घट्ट आम्ल त्याहून कितीतरी स्वच्छ जळते. १८२५ मध्ये शेव्रलने गे-ल्युसॅक ह्या प्रसिद्ध शास्त्रज्ञासह त्याचे पेटंट घेतले. धंदा काही चालला नाही. पुढल्या दशकात दुसऱ्या एका उद्योजकाने, द मिली याने, तीच कल्पना चुन्याच्या साहाय्याने स्वस्तात उतरवली आणि युरोपभर घरे उजळली. पैसा कोणाला मिळाला हे सांगायला नको.

आमच्या कला शाखेच्या मित्रमैत्रिणींना शेव्रलची ओळख व्हावी ती वेगळ्याच कारणाने. १८२४ साली तो गोबेलँ येथील राजेशाही गालिचा-कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख झाला. विणकरांची तक्रार होती की काळी लोकर पाहिजे तशी काळी दिसत नाही, रंगात खोट आहे. शेव्रलने रंग तपासले. रंगात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी निळा किंवा जांभळा धागा विणला की डोळ्यालाच काळा रंग फिका भासे. शेजार बदलला की रंग बदलतो, ह्या निरीक्षणावर त्याने १८३९ मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. आणि पुढे सरा याच्यासारख्या ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र रंगविणाऱ्या चित्रकारांनी तो अभ्यासिला. मला येथे एक साम्य दिसते. साबण असो की गालिचा, तक्रार आली की हा माणूस आधी विचारी की, ज्याला आपण एक म्हणतो ते खरोखर एक आहे का? दोरीला टांगलेला लोलक आपोआप हलतो, टेबल भुताने फिरते, असल्या चमत्कारांचे त्या काळी पॅरिसमध्ये वेड होते. तेथेही त्याने स्वतःचे डोळे बांधून घेतले, लोलक हलेनासा झाला, आणि हात नकळत हलतो हे त्याने शांतपणे लिहून ठेवले.

शेव्रलने चरबी भांड्यात मोडली. पोटात तिचे काय होते ते दाखविले क्लोद बर्नार याने. ही गोष्ट इतकी सुरस आहे की ती गाळणे माझ्या जिवावर येते. सशाच्या शरीरात यकृताचे पित्त आतड्यात वर उतरते आणि स्वादुपिंडाचा रस बराच खाली. १८४६ च्या सुमारास बर्नारच्या लक्षात आले की, मेदयुक्त अन्न खाल्लेल्या सशाच्या आतड्यावरील रसवाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या होतात त्या स्वादुपिंडाचा रस जेथे मिसळतो त्याच्या पुढेच, आधी नाही. म्हणजे मेद शोषला जाण्यासाठी तो रस हवा. त्या रसात त्याने लोणी ठेवून पाहिले. थोड्याच वेळात आम्ल तयार झाले आणि ओळखीचा ब्युटिरिक वास सुटला. साबणवाल्याच्या कढईत जी मोडणी तासन्‌तास उकळून होते, जवळपास तीच आपल्या पोटात, अंगाच्या उष्णतेवर, जेवणानंतर निमूटपणे होत असते. शेव्रलची आम्ले पोटातून बाहेर पडली नसती तर बर्नारला आपण काय पाहतो आहोत हे कळलेच नसते.

१८५४ मध्ये बर्थलोने उलटी वाट धरली. ग्लिसरीन आणि आम्ले जोडून त्याने पुन्हा मेद बनविला. एका ग्लिसरीनला तीन आम्ले लागतात हेही त्यातून स्पष्ट झाले. रक्ताच्या कागदावरचे 'ट्रायग्लिसराइड' ते हेच. भिंतीवरच्या तीन खुंट्यांच्या खुंटाळ्यासारखे ग्लिसरीन सगळ्या मेदांत सारखेच. तूप तूप का आणि करडईचे तेल तेल का, हे खुंट्यांना कोणती आम्ले टांगली आहेत त्यावर ठरते. ज्यांच्या साखळ्या सरळ, ती आम्ले 'संपृक्त'. ती एकमेकांना चिकटून नीट रचली जातात, म्हणून तूप थिजते. ओलेइकसारख्यांच्या साखळीला वाक असतो. रचना सैल राहते, म्हणून तेल पातळ. आहारातील संपृक्त मेद कमी करून त्या जागी असंपृक्त मेद घेतला तर रक्तातले घातक कोलेस्टेरॉल उतरते आणि हृदयविकाराचा धोका घटतो, एवढे आता पक्के झाले आहे. पण संपृक्त म्हणून सगळी आम्ले सारखी नाहीत. मेणबत्तीतले ते स्टिअरिक आम्ल त्याच्या भावंडांइतके कोलेस्टेरॉल वाढवीत नाही. आणि वनस्पतिज म्हणजे असंपृक्त असेही नाही. खोबरेल तेल तुपापेक्षाही अधिक संपृक्त आहे. उलट मेद अजिबातच बंद करावा म्हटले तरी चालत नाही. १९२९ मध्ये अमेरिकेत बर दांपत्याने उंदरांना पूर्णपणे मेदविरहित आहार दिला. त्यांची वाढ खुंटली, कातडीला खपल्या धरल्या. करडईत विपुल असलेल्या लिनोलेइक आम्लाने ते बरे झाले. हे आम्ल आपले शरीर बनवू शकत नाही. ते पानातूनच यावे लागते. आजीच्या बरणीला आणि भावाच्या तेलाला मी एकाच वेळी काही अंशी बरोबर ठरवू शकले ते ह्यामुळे. आजी मात्र अजून रुसून आहे.

१८३० साली शेव्रल गुरूच्या खुर्चीवर, म्हणजे संग्रहालयातील प्राध्यापकपदी आला. १८३२ मध्ये मांसाच्या रश्श्यातून त्याने 'क्रिएटिन' वेगळे केले. आज व्यायामशाळेत जाणारी मुले त्याच्या भुकटीचे डबे विकत घेतात, त्यांना हे नाव कोणी ठेवले याची कल्पना नसेल. १८६२ मध्ये त्याची पत्नी सोफी वारली. १८६४ मध्ये तो संग्रहालयाचा संचालक झाला. १८७०-७१ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. लोणी तर सोडाच, लोक घोडे आणि उंदीर खाऊन राहिले, प्राणिसंग्रहातील हत्तीसुद्धा खाटकाकडे गेले. जानेवारीत तोफांचे गोळे संग्रहालयाच्या काचघरांवर पडले. चौऱ्याऐंशी वर्षांचा संचालक जागा सोडून गेला नाही. शास्त्राच्या वास्तूवर तोफा डागल्याचा त्याने अकादमीत लेखी निषेध नोंदविला. सात वर्षांच्या मुलाने पाहिलेला वेढा आणि म्हाताऱ्याने पाहिलेला वेढा यांत पाऊण शतकाहून अधिक अंतर होते.

त्या वेढ्याच्या वर्षभर आधी, १८६९ मध्ये, मेज-मुरिये नावाच्या रसायनज्ञाने गोमांसाची चरबी आणि दूध यांपासून स्वस्त लोणी तयार केले होते. सम्राट तिसऱ्या नेपोलियनला आरमारासाठी आणि गरिबांसाठी लोण्याला पर्याय हवा होता. ह्या नव्या लोण्याला नाव मिळाले 'मार्गारिन', शेव्रलच्या मोत्यासारख्या आम्लावरून. गंमत अशी की तोपर्यंत ते आम्लच उरले नव्हते. १८५० नंतरच्या काही वर्षांत हाइन्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने सिद्ध केले होते की शेव्रलचे मार्गारिक आम्ल म्हणजे स्टिअरिक आणि पामिटिक ह्या दोन आम्लांचे मिश्रण आहे. शुद्धतेच्या बाबतीत एवढा काटेकोर माणूस, आणि त्याला प्रथम सापडलेला मोतीच मिश्र निघाला! आज मार्गारिक हे नाव सतरा कार्बनांच्या एका निराळ्या आम्लाला दिलेले आहे. गाईच्या दुधातल्या स्निग्धांशात ते अगदी अल्प प्रमाणात सापडते, आणि माणसाने दूध-लोणी किती खाल्ले हे ताडण्यासाठी संशोधक ते त्याच्या रक्तात शोधतात.

मार्गारिनची पुढची कहाणी आपल्यापर्यंत येते. १९०२ मध्ये नॉर्मन ह्या जर्मन रसायनज्ञाने निकेल धातूच्या साहाय्याने पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याचे पेटंट घेतले. १९३० नंतर ते तंत्र मुंबईत शिवडीला येऊन पोचले आणि घरोघर वनस्पती तूप आले. त्याला आपल्याकडे सर्रास 'डालडा' म्हणत. लग्नाच्या पंगतीतल्या जिलब्या त्यात तळल्या गेल्या, आणि तूप न परवडणाऱ्या घरांत त्याने सणही साजरे केले. पण तेल अर्धवट घट्ट करताना काही ओलेइक आम्लाचा वाक सरळ होऊन त्याचे एक भलतेच रूप बनते. हे रूप नवे नव्हते. शेव्रलच्या हयातीतच, १८३२ मध्ये, बूदे ह्या फ्रेंच रसायनज्ञाने त्याला 'इलेइडिक' नाव दिले होते. ते रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढवते आणि हितकारक कमी करते, हे मात्र माणसांवरील प्रयोगातून कळायला १९९० साल उजाडावे लागले. भारतात खाद्यतेले आणि वनस्पती तुपातील अशा मेदावर २ टक्क्यांची मर्यादा लागू झाली ती जानेवारी २०२२ पासून. रसायनज्ञाच्या टेबलावर नाव पडल्यापासून कायद्याच्या पुस्तकात शिरेपर्यंत एकशे नव्वद वर्षे लागली.

संचालकपद शेव्रलने १८७९ मध्ये, नव्वदी उलटल्यावर सोडले. प्रयोगशाळा सोडली नाही. तो स्वतःला फ्रान्समधील विद्यार्थ्यांचा ज्येष्ठ म्हणवून घेई, आणि हे बिरुद त्याला पदकांपेक्षा अधिक आवडत असे. ३१ ऑगस्ट १८८६ रोजी त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. पॅरिसने सण केला; पदक पाडले, पुतळा उभारला, मशालींची मिरवणूक काढली. त्याच सुमारास नादार ह्या प्रसिद्ध छायाचित्रकाराने त्याच्याशी गप्पा मारल्या आणि नादारच्या मुलाने बोलता बोलता त्याची छायाचित्रे टिपली. सप्टेंबर १८८६ मध्ये एका सचित्र साप्ताहिकात ती संभाषणासह छापली गेली. छायाचित्रांसह प्रसिद्ध झालेली ही जगातील पहिली मुलाखत मानतात. त्या चित्रांत पांढऱ्या विस्कटलेल्या केसांचा हा म्हातारा हात उडवून काहीतरी पटवून देताना दिसतो. शंभर वर्षांचा माणूस इतक्या आवेशाने बोलतो हे पाहून मी थक्क झाले.

त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य लोकांनी अर्थातच त्याच्या ताटात शोधले. तो आन्जूसारख्या द्राक्षमळ्यांच्या मुलुखात जन्मूनही वाइन घेत नसे, साधे जेवी, लवकर कामाला लागे. परंतु त्याचे आईवडील दोघेही नव्वदी ओलांडून गेले होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. एका माणसाच्या ताटावरून सर्वांचे पथ्य ठरविणे स्वतः शेव्रलला रुचले नसते.

अखेरच्या काळात त्याच्या पॅरिसमध्ये आयफेलचा मनोरा दिवसागणिक वर चढत होता. मनोऱ्याच्या पहिल्या मजल्याखाली चारी बाजूंनी फ्रान्सच्या बहात्तर शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत शेव्रलचे नाव आहे. बहुतेक नावे तोवर दिवंगत झालेल्यांची होती. ३१ मार्च १८८९ रोजी मनोऱ्यावर झेंडा चढला आणि त्यानंतर नऊ दिवसांनी, ९ एप्रिलला, शेव्रल वारला. वय १०२ वर्षे. सरकारी इतमामाने नोत्रदाम चर्चमध्ये अंत्यविधी झाला आणि पॅरिसच्या दक्षिणेला ला-ई ह्या खेड्यात, जेथे त्याचे घर आणि बाग होती, तेथे त्याला पुरण्यात आले.